खुन्याच्या घरची माणसं

आमच्या लातूरच्या घरमालकांना सिनेमातला एकही खून कधी पटला नाही. खून करू नये, असं त्यांचं म्हणणं नव्हतं. खुशाल करा, पण नीट करा, एवढीच त्यांची अपेक्षा असे आणि ती कुठल्याच दिग्दर्शकाला पुरी करता आली नाही. मी त्यांच्या वरच्या मजल्यावर काही वर्षं भाड्यानं राहिले. त्या काळात माझा त्यांच्यावर जीव जडला आणि मी त्यांच्यावर जळलेही. जळण्याचं आधीच सांगून टाकते. या माणसाबद्दल पुढं जे येईल ते एका जळक्या बाईनं सांगितलेलं आहे, हे वाचणाऱ्याला ठाऊक असलेलं बरं.

ते जनावरांचे डॉक्टर. सगळी नोकरी देवणी, उदगीर, अहमदपूर या टापूत गेलेली. निवृत्त होऊन लातूरला घर बांधलं तरी अंगाला गोठ्याचा वास राहिला आहे, असं काकू म्हणायच्या. काकू म्हणजे त्यांची बायको. मला तो वास कधी आला नाही. उंच, जरा पोक आलेला देह, अर्ध्या बाह्यांचा पांढरा सदरा, आणि सदऱ्याच्या खिशात पेनाऐवजी थर्मामीटर. पुढं पुढं त्या थर्मामीटरशेजारी आमच्या टीव्हीचा रिमोट राहायला लागला. डॉक्टर खाली जाताना तो चुकून त्यांच्या घरी जायचा आणि मी बँकेतून आले की मला आमचाच टीव्ही लावायला जिना उतरावा लागायचा.

खोली शोधत होते तेव्हाची गोष्ट. एकटी बाई, बँकेत नोकरी, म्हटल्यावर घरमालक खूश व्हायचे. मग आडनाव विचारायचे. मग त्यांच्या भावाचा मुलगा शिकायला येणार असायचा आणि खोली त्याला लागणार असायची. लातुरात तेव्हा इतके भाऊ होते की मला त्यांची दया यायला लागली. डॉक्टरांनी आडनाव विचारलं नाही. त्यांनी विचारलं, "सिनेमे बघता का?" मी म्हटलं, मी नाही बघत, माझी आई बघते, खुनाबिनाचे. "मग त्येंना घेऊन या," असं म्हणून त्यांनी किल्ली काढून दिली.

आई कधी आलीच नाही. ती नांदेडच्या आमच्या घरी होती, बाबांबरोबर. वर्षभरानं ती अचानक गेली. दुपारी छातीत दुखायला लागलं, संध्याकाळी दवाखान्यात संपलं. मग बाबांना मी लातूरला घेऊन आले. नांदेडच्या घराला कुलूप लावलं, विजेचं बिल तेवढं भरत राहिले, आणि किल्ली आमच्या दारामागच्या खिळ्याला अडकवली.

बाबा बोलेनासे झाले. तसे ते पूर्वीही माझ्याशी फार बोलत नसत. ते किनवटकडच्या एका आश्रमशाळेच्या वसतिगृहाचे अधीक्षक होते. माझं सगळं लहानपण त्या वसतिगृहाच्या आवारातल्या क्वार्टरमध्ये गेलं. शेकडो पोरं त्यांना बाप मानायची आणि तेही मानून घ्यायचे. जेवायला पोरांच्या पंगतीत बसायचे. कोणाला ताप आला की त्याच्या उशाशी जाऊन बसायचे. मला ताप आला की आईला म्हणायचे, "बघ जरा हिच्याकडं." त्या पोरांचा मला इतका राग यायचा की त्यांच्या वाळत घातलेल्या चड्ड्या मी दोरीवरून खाली पाडायचे. आई मात्र भांडत नसे. ती आवाज बारीक करून टीव्हीवर रहस्यपट बघायची, आणि बाबा दारातून आत-बाहेर करताना दिसले की विचारायची, "बगा की, कोन असंल?" बाबा म्हणायचे, "नंतर," आणि पोरांकडं निघून जायचे.

लातूरला आल्यावर बाबा दिवसभर टीव्ही लावून बसायचे. खून, पाठलाग, पोलीस, काहीही चालू असायचं. मला वाटायचं, ते बघतच नाहीत, नुसते पुढं तोंड करून बसतात. मी त्यांच्यासाठी वर्तमानपत्र लावलं, सकाळी फिरायला सोबत धाडली, त्यांच्या आवडीची अंबाडीची भाजी केली. ते "बरंय" म्हणायचे. त्यापलीकडं एक शब्द मला मिळाला नाही.

एका संध्याकाळी डॉक्टर पाण्याच्या टाकीचं काहीतरी सांगायला वर आले. टीव्हीवर एक माणूस दुसऱ्याच्या नाकाला रुमाल लावत होता आणि दुसरा लगेच गार पडत होता. डॉक्टर दारातच थांबले, चप्पल एकाच पायातून काढलेली.

"हे चूक हाय," ते म्हणाले.

"कामून?" बाबा म्हणाले.

मी स्वयंपाकघरात पोळ्या लाटत होते. लाटणं हातातच राहिलं. कित्येक महिन्यांनी बाबांनी कोणाला तरी काहीतरी विचारलं होतं.

"वासरू धरलं तर इतक्या लवकर झोपत न्हाई, गुरुजी. हा तर चांगला थोराड माणूस. धरनाऱ्याचा हात दुखून येतो, तो लाथा मारतो, वरडतो. शेजारी काय कान बंद करून ऱ्हायले का?" असं म्हणून डॉक्टरांनी दुसरी चप्पल काढली, आत येऊन बसले, आणि टाकीचं राहूनच गेलं. टाकी त्या रात्री वाहिली.

त्या दिवसापासून ते रोज यायचे. दारात लिंगायत रीतीनं "शरणार्थ, गुरुजी" म्हणायचे, बाबा "जयभीम, डॉक्टर" म्हणायचे. दोघांनीही आपापलं कधी बदललं नाही आणि दुसऱ्यानं बदलावं असंही कोणाला वाटलं नाही. मग सिनेमा सुरू व्हायचा आणि जेमतेम सुरू होतो तोच थांबायचा. डॉक्टर रिमोट हातात घेऊनच बसायचे. कुठं काही खटकलं की थांबवायचे, उभे राहायचे आणि पडद्यावरच्या माणसाला बोटानं दाखवून त्याची उलटतपासणी घ्यायचे. अडीच तासांचा सिनेमा आमच्याकडं आठवडाभर पुरायचा.

त्यांची तक्रार बंदुकीच्या गोळ्या किती सुटल्या किंवा गाडी इतक्या उंचावरून कशी उडाली, असली नसायची. "त्ये आपल्याला कळत न्हाई, उडत असंल," म्हणायचे. त्यांची तक्रार एकच. खुन्याला घर का नाही?

"या माणसाला आई न्हाई का? हा सहा म्हैने खोटं नाव सांगून भाड्याच्या खोलीत ऱ्हातो म्हनं. गुरुजी, आपल्या गल्लीत नवा माणूस आला तर पहिल्या चहाच्या आत त्याचं गाव, जात, पगार, लग्न, सगळं निघतं. याला कोनीच काही इचारत न्हाई? रगताचा सदरा घरी घेऊन आला, तो धुनार कोन? बाई इचारनार न्हाई का, की ह्ये काय सांडलं? सिनेमावाल्याला घर नसतं, म्हनून त्याच्या खुन्याचं सगळं लपतं. घरातल्या बाईपासून जगात काही लपत न्हाई."

बाबा मान डोलवायचे. बाबांना हे कुठून पटत होतं, मला कळत नव्हतं. घरातल्या बाईनं काही विचारलं की "नंतर" म्हणणारा माणूस तो.

डॉक्टरांची ही दृष्टी नोकरीतून आली होती. विमा उतरवलेलं जनावर मेलं की त्याची तपासणी करून दाखला द्यायचं काम त्यांच्याकडं असे. एकदा देवणीजवळच्या एका गावात मालकानं सांगितलं, बैल झाडाखाली बांधला होता, वीज पडली आणि गेला. डॉक्टरांनी बैलाकडं बघायच्या आधी झाडाकडं बघितलं. झाडावर कावळीण अंडी उबवत बसली होती. "त्या कावळिणीला इचारून या, वीज कुठून आली," असं मालकाला सांगून ते बाजेवर जाऊन बसले. मालक काही वर चढला नाही. थोड्या वेळानं तोच हळू आवाजात खरं काय ते सांगायला लागला. ही गोष्ट डॉक्टर दर आठ-पंधरा दिवसांनी सांगायचे आणि बाबा दर वेळी पहिल्यांदा ऐकल्यासारखे ऐकायचे. लहानपणी मी शाळेतली एखादी गोष्ट दुसऱ्यांदा सांगितली तर म्हणायचे, "झालंय सांगून."

नुसत्या बोलण्यावर डॉक्टर थांबले असते तरी मी सहन केलं असतं. ते प्रयोग करायचे. एका सिनेमात एक बाई नवऱ्याचं प्रेत एकटी जिन्यावरून गच्चीवर नेते आणि चाळीत कोणाला पत्ता लागत नाही. डॉक्टरांनी दुसऱ्या दिवशी सोयाबीनचं पोतं आणवलं आणि आमच्या जिन्यावरून ओढायला लागले. दुसऱ्या पायरीवर समोरच्या घरातून आवाज आला, "डॉक्टर, काय नेऊन ऱ्हायलात वर?" चौथ्या पायरीला पलीकडच्या घरातली बाई मदतीला धावत आली. डॉक्टरांनी पोतं तिथंच सोडलं आणि वर बघून बाबांना ओरडून सांगितलं, "बघा गुरुजी, फाशी झाली मला." पोतं पुढं दोन दिवस जिन्यातच होतं. मी त्याला वळसा घालून बँकेत जात होते.

आणि मग खुर्चीचा प्रयोग झाला. सिनेमात नायकाला खुर्चीला बांधतात, खलनायक पाठ वळवून हसतो, तेवढ्यात नायक फुटक्या काचेनं दोर कापून मोकळा होतो. डॉक्टर म्हणाले, बघूच. त्यांनी घरातून जनावर बांधायचं दावं आणलं, खालच्या ओसरीवर लाकडी खुर्चीत बसले, हातात फुटक्या कपाचा तुकडा घेतला आणि बाबांना बांधायला लावलं. गाठ कशी मारायची तेही त्यांनीच शिकवलं. बैल सोडवून घेत नाही अशी गाठ. काकू देवळात गेल्या होत्या. मी बँकेतून आले तेव्हा फाटकापाशी गॅसची टाकी घेऊन आलेला माणूस थिजून उभा होता. ओसरीवर डॉक्टर बांधलेले, घामाघूम, आणि त्याला शांतपणे सांगत होते, "ठेवा तिथं टाकी. सही थोड्या येळानं करतो." आणि त्यांच्यासमोर पायरीवर बसून माझे बाबा हसत होते. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, चष्मा हातात घेतला होता, आणि पोट धरून हसत होते.

मी ते हसू आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. वसतिगृहातल्या पोरांसाठीही ते कधी हसले नव्हते तसं. मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. जन्माची लेक मी, या हसण्यासाठी काय काय करून बसले होते, आणि ते मिळालं कोणाला, तर खुर्चीला बांधलेल्या म्हाताऱ्याला. गाठ शेवटी मीच सोडवली. सोडवायला लागला त्याहून थोडा जास्त वेळ मी मुद्दाम लावला.

मग मी ठरवलं, आपणही शिकायचं. बँकेत डबा खाताना मोबाइलवर मी पुढचे सिनेमे आधीच बघून ठेवायला लागले. एका सिनेमात मला पक्की चूक सापडली. खुनी आठवडाभर पावसात उभ्या असलेल्या गाडीत बसतो आणि पहिल्याच किल्लीत गाडी चालू होते. तो सिनेमा संध्याकाळी लागला तेव्हा मी पोळ्या टाकून बाहेर येऊन बसले. ती जागा आली. डॉक्टरांनी थांबवलं नाही. मी म्हटलं, "थांबवा." दोघांनी माझ्याकडं बघितलं. मी चूक सांगितली.

डॉक्टरांनी खरंच विचार केला. "गाडी नवी असंल तर व्हती चालू, ताई."

"हाव, नवीच हाय ती, बाई. आधी दाखवली की," बाबा म्हणाले, आणि डॉक्टरांकडं बघून जरा हसले.

मी आत जाऊन पोळ्या लाटल्या. त्या दिवशीच्या पोळ्या फार पातळ झाल्या होत्या, असं बाबा जेवताना म्हणाले. तेवढं बरं त्यांच्या लक्षात आलं.

आता बादलीचं सांगायला हवं. काकूंचा नेम होता की कोणाच्या मातीला जाऊन आलेल्या माणसानं, म्हणजे अंत्यविधीहून आलेल्यानं, फाटकातून आत यायच्या आधी अंगावर पाणी घ्यायचं. डॉक्टर नोकरीत असताना मेलेलं जनावर तपासून यायचे तेव्हापासूनचा हा नेम. कुठं माती आहे असं कळलं की काकू सकाळीच फाटकाच्या आत बादली भरून, तांब्या पालथा घालून ठेवायच्या. आमच्याकडं आजोबांच्या पिढीतच हे विटाळबिटाळ सोडलेलं. पण बँकेतल्या एका बाईचे सासरे गेले तेव्हा मलाही काकूंनी फाटकाशी अडवलं. मी तोंड वाकडं केलं आणि पायांवर पाणी घेतलं. डॉक्टर तर दर वेळी कुरकुरायचे, "मेला माणूस, वला मी," पण घ्यायचे. त्या फाटकातून माती करून कोणी कोरडं आत गेलेलं मी बघितलं नव्हतं.

एका शनिवारी सकाळी बाबा म्हणाले, डॉक्टरांच्या मेहुण्याचे चुलत सासरे वारले, देवणीला मातीला जाऊन येतो, डॉक्टर एकटे आहेत. मी म्हटलं, बरं. मातीला जाणाऱ्याला पुढं काय विचारणार? माझ्या आजोळच्या, म्हणजे आईच्या नात्यातल्या दोन मयतींना बाबा गेले नव्हते आणि आता डॉक्टरांच्या मेहुण्याच्या सासऱ्यासाठी सकाळच्या गाडीनं निघाले होते, हे मात्र मनात टोचलं. मी दिवसभर ते टोचून घेत राहिले.

दिवस मावळताना दोघं आले. मी गच्चीवरचे कपडे काढत होते. वरून बघितलं, तर फाटक उघडून सरळ आत. डॉक्टर पुढं, बाबा मागं. फाटकाशी बादली नव्हती. मी कपडे तसेच टाकून खाली गेले.

"डॉक्टर, माती झाली का नीट?" मी विचारलं.

"हाव. झाली. लई लोक व्हते."

"मग बादली कुठंय?"

डॉक्टरांनी फाटकाकडं बघितलं. तेवढ्यात काकू पदराला हात पुसत बाहेर आल्या आणि त्यांनी डॉक्टरांना विचारलं, "वाचला का बैल?"

काकूंना अहमदपूरचा आजारी बैल सांगितला होता आणि मला देवणीचा मेलेला सासरा. एकाच घरातल्या दोन बायकांना दोन गोष्टी. मी डॉक्टरांकडं बघितलं. वाटलं होतं, ओशाळतील. पण त्यांच्या तोंडावर हळूहळू तोच भाव यायला लागला जो सिनेमा थांबवताना यायचा.

"बादली ऱ्हायली," ते म्हणाले. मग बाबांकडं वळून, "गुरुजी, घरच्यांचा इचार केलाच न्हाई आपन. पार कच्ची गोष्ट निघाली."

"कुठं गेला होतात?" मी विचारलं.

"त्ये मी कसं सांगू, ताई? त्ये गुरुजींचं हाय."

बाबांनी खिशातून किल्ली काढून माझ्या हातावर ठेवली. नांदेडच्या घराची किल्ली. दारामागचा खिळा दिवसभर रिकामा होता आणि मला दिसलाही नव्हता.

वर आल्यावर बाबा बोलायला लागले. मी चहा ठेवायला उठले तर म्हणाले, "बस आधी." आईला दवाखान्यात नेलं त्या दुपारी ती सिनेमा बघत होती. मोबाइलच्या दुकानातून ती पेनड्राइव्हमध्ये सिनेमे भरून आणायची, त्यातला एक. बाबा आतल्या खोलीत होते. तिनं हाक मारून विचारलं, "बगा की, कोन असंल?" बाबा म्हणाले, "नंतर." मग तिच्या छातीत दुखायला लागलं. रिक्षा आली तेव्हा तिनं स्वतः टीव्ही बंद केला आणि म्हणाली, उरलेला आल्यावर बघू.

"पोरं मोठी झाली, नोकरी सुटली, तरी माझं नंतर काही संपलं न्हाई," बाबा म्हणाले. "हितं आल्यावर एवढे सिनेमे बघितले. म्हनलं, तिला कुठं काय सापडत व्हतं ते बघू. पन तो एक राहूनच गेला. पेनड्राइव्ह तिकडच्या टीव्हीलाच व्हता."

"मला का नाही सांगितलं?"

"तू रडली असतीस. मग मी बी. सिनेमा ऱ्हायला असता पुन्हा."

"आणि डॉक्टर?"

"त्यानं आधी इचारलं, घरात लाइट हाय का? मग म्हनला, चला." बाबांनी चष्मा सारखा केला. "टीव्ही लावला तर टीव्हीनंच इचारलं, जिथं थांबला व्हता तिथून पुढं दाखवू का? टीव्हीला ध्यानात व्हतं. मी हाव दाबलं. पुढला अर्धा बघितला. कोन कोनाचं, काही कळत न्हाई. पाऊस पडून ऱ्हायला, एक बाई पळून ऱ्हायली. लई बेकार सिनेमा. पन डॉक्टरनं एकदा बी थांबवला न्हाई. रिमोट त्याच्याच हातात व्हता."

मला रडू येत होतं आणि त्याच वेळी मी जळत होते, एकाच छातीत दोन्ही. आईच्या त्या खोलीत, आईच्या त्या टीव्हीसमोर, बाबांच्या शेजारी माझी जागा होती. ती त्या माणसानं घेतली होती. आणि घेऊन नीट सांभाळली होती, हे त्याहून वाईट. बसला असता मध्येच थांबवत, तर मला त्याच्यावर मनसोक्त चिडता तरी आलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर अंगणात जास्वंदीला पाणी घालत होते. मी बँकेच्या घाईत असल्यासारखी थांबले, रविवार होता तरी. त्यांनीही रविवारचं काही काढलं नाही. मी विचारलं, "सिनेमा कसा होता?"

पाण्याचा पाइप त्यांनी खाली धरला.

"बरोबर व्हता."

"सगळा?"

"सगळा बरोबर व्हता, ताई," ते म्हणाले, आणि पुन्हा झाडाकडं वळले. मी त्यांच्याकडून हे वाक्य दुसऱ्या कुठल्याही सिनेमाबद्दल ऐकलं नाही, त्याआधी नाही आणि त्यानंतरही नाही.

वर गेले तर बाबा बाहेरचे कपडे घालून तयार. पायात बूट. किल्ली हातात.

"चल," म्हणाले.

"कुठं?"

"नांदेडला. पहिला अर्धा ऱ्हायलाय न्हवं का. तुझ्या आईनं बघितलेला. त्यो मी बघितला न्हाई काल. डॉक्टर म्हनला, सुरुवातीपासून लावू. मी म्हनलं, नको, तेवढा माझ्या लेकीसाठी ठेवायचाय."

एसटीत बसलो. बाबांनी मला खिडकीची जागा दिली. लहानपणी किनवटच्या गाडीत खिडकीशी नेहमी वसतिगृहातलं एखादं उलटी होणारं पोरगं बसायचं.

घर उघडलं. धूळ होती, पण दोन खुर्च्या पुसलेल्या होत्या. कालच्या. मी आईचा सिनेमा पहिल्यापासून लावला. रिमोट माझ्या हातात होता. पहिल्या पंधरा मिनिटांत मला इतक्या चुका दिसल्या की डॉक्टर असते तर त्यांनी टीव्हीच उचलून बाहेर ठेवला असता. भर बाजारात खून होतो आणि समोरचा पानवाला काही बघत नाही. नायिकेचा फोन दिवसभर बंद असतो आणि तिच्या आईचा जीव कासावीस होत नाही. माझं बोट बटणावर जात होतं. मी एकदाही दाबलं नाही.

मग एका ठिकाणी पाऊस सुरू झाला. दिवे गेले, दार वाजलं, आणि बाबा म्हणाले, "हितं. हितं थांबली व्हती ती."

मी थांबवलं. पडद्यावर एक बंद दार होतं. बाबा माझ्याकडं वळले. त्यांना खुनी ठाऊक होता. पुढचा अर्धा त्यांनी काल बघितला होता. जन्मात पहिल्यांदा त्यांना उत्तर येत होतं आणि ते तोंडातल्या तोंडात धरून ठेवताना त्यांचे गाल थरथरत होते.

"सांग की," ते म्हणाले. "कोन असंल?"

मला कळलं होतं. तो गोड बोलणारा दीर पडद्यावर आला की बाबा दर वेळी चोरून माझ्याकडं बघायचे. इतकी कच्ची गोष्ट कोणाला कळणार नाही? मी कपाळाला आठ्या घातल्या, बराच विचार केल्यासारखं केलं आणि म्हटलं, "नवरा."

बाबा हसले. चष्मा काढला, पोट धरलं आणि हसत सुटले, ओसरीवर हसले होते तसेच. खुर्चीला कोणीही बांधलेलं नव्हतं. समोर फक्त मी होते.

हसणं ओसरल्यावर डोळे पुसत त्यांनी खिशातून मोबाइल काढला.

"डॉक्टरला फोन लावून सांगू का, तू नवरा म्हनलीस म्हनून?"

मी म्हटलं, "नंतर."